कॅप्सूलचा आवाज

"आता माझ्यासमोर घेऊन दाखवा," सिस्टर म्हणाली.

समोरच्या म्हाताऱ्या शिंप्याने पंप तोंडापासून वीतभर लांब धरला आणि अत्तर मारावं तसा दोनदा फवारला.

"काका, हे सगळं टेबलाला गेलं. टेबलाला दमा नाही."

शिंपी ओशाळला. "तीन वर्षं असंच घेतोय हो. घेऊन दाखवा असं कुणी म्हटलंच नाही."

छातीच्या ओपीडीत तिला सगळे 'पंपवाली सिस्टर' म्हणत. कुणी नळीत घालून ओढायची पुडीची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत असे, कुणी टोपण न काढताच पंप दाबत असे. औषध लागूच पडत नाही म्हणून रडत आलेल्यांच्या चुका ती बसल्या जागी पकडायची. त्याचा तिला थोडा ताठाही होता.

दुपारी डॉक्टरांनी तिच्या वडिलांचा रिपोर्ट पुढे सरकवला. "दोन वर्षं औषध चालू आहे, तरी श्वास कमीच होत चाललाय. तुमच्या घरचा पेशंट, म्हणजे घेण्यात चूक नसणारच. आता घरी ऑक्सिजन लावावा लागेल, सिस्टर."

चूक नसणारच. घरी जाताना बसमध्ये तेवढंच तिला टोचत राहिलं. वडिलांना औषध घेताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, कारण चाळीस वर्षं त्यांनी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला होता. त्या बँडने त्यांचे कानही निम्मे खाल्ले होते. औषध ते बाथरूमचं दार लावून घ्यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "तोंडाला काय कसं लावायचं ते मला शिकवू नकोस." आणि रोज तीस-चाळीस जणांना दटावणारी लेक बापापुढे गप्प बसली होती.

"बाबा, आज माझ्यासमोर घ्या," पर्स खाली ठेवत ती मोठ्याने म्हणाली.

"का? परीक्षा आहे?"

"आहे."

मास्तर हसले, हसण्याचा खोकला झाला. मग ते खुर्चीत ताठ बसले. नळीत कॅप्सूल घातली, ती फोडली, कोपरं बाहेर काढली, ओठ सवयीने घट्ट आवळले, गाल फुगवले आणि जीव खाऊन नळीत फुंकले. पांढरी पूड उडून कॉलरवर बसली. त्यांनी ती हाताने झटकली, रोज झटकत असावेत तशी.

ती पूड तिच्या ओळखीची होती. बाबा म्हातारपणी पावडर फार थापतात, अशी कुरकुर करत दोन वर्षं ती त्या कॉलरी घासत होती.

"बाबा, फुंकायचं नाही. आत ओढायचं."

मास्तर हातातल्या नळीकडे बघत राहिले. "जन्मभर फुंकलंच गं," ते म्हणाले. "तोंडाला लावली की हवा बाहेरच जाते माझी."

मग तू आधी का नाही पाहिलंस, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

तिने दुसरी कॅप्सूल घालून दिली. "आधी श्वास सोडा. मग नळी तोंडात धरून जोरात ओढा. नीट ओढलं की कॅप्सूल आत गरगर फिरते, खुळखुळते. तो आवाज आला की औषध छातीत गेलं असं समजायचं."

"म्हणजे हे पण वाजवायचंच," मास्तर म्हणाले. त्यांना तेवढ्यातही बरं वाटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि ओढलं. मानेच्या शिरा तटतटल्या, खांदे वर आले, गळ्याखालचा खळगा आणखी खोल गेला. तिने कान नळीशी नेला. पूर्वी बँड वळणापलीकडे असायचा तेव्हाच त्यांचा ट्रम्पेट घरात ऐकू यायचा, आणि आई चहा ठेवायला उठायची. कॅप्सूल जिथे होती तिथेच राहिली.

मास्तरांनी नळी खाली घेतली. धाप थांबायला बराच वेळ लागला. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"वाजली का गं?"

"वाजली, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांची कॉलर झटकू लागली. कॉलरवर काहीच नव्हतं.