चंद्रपूरचं विरजण

मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता रुखमाबाईंच्या घरचं शेंगदाण्याचं दही फसलं. वर पाणी, खाली तार, आणि वास ओसरीपर्यंत. सून पुनमने ते मोरीत ओतलं, वाटी ओढणीखाली घेतली आणि मागच्या भिंतीशी जाऊन शेजारच्या हर्षा रामटेकेला हळूच हाक मारली.

हळूच, कारण रुखमाबाई रामटेक्यांच्या घरचं काही खात नाहीत. तसं त्या म्हणत नाहीत. मागच्या बुद्धपौर्णिमेला हर्षाने पाठवलेली खीर त्यांनी हसून घेतली, ‘कशाले एवढा त्रास’ म्हणाल्या आणि ताट फाटकाशी येणाऱ्या गाईपुढे ठेवलं. हर्षा तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

हर्षाला दूध पचत नाही. ती शेंगदाणे रात्री भिजवते, सालं काढून बारीक वाटते, फडक्यातून गाळते, उकळते आणि कोमट झालं की विरजण लावते. पहिल्या खेपेला विरजणाच्या जागी लाल मिरचीचे देठ होते, नंतर प्रत्येक वेळी आधीच्याच दह्याचा चमचा. चार-पाच खेपांनी त्याला धड आंबटपणा आला. गडचांदूरच्या त्या गल्लीत रुखमाबाईंनी त्याचं नाव ‘ढेपीचं पाणी’ ठेवलं. ढेप म्हणजे तेल काढून उरलेली पेंड; ती गाईबैलांना घालतात, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग नागपूरच्या डॉक्टरने रुखमाबाईंचंच दूध-दही बंद केलं. त्यांच्या घशाखाली दह्याशिवाय भात उतरत नाही. पुनमने देठ घालून दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा चिकट लापशी झाली. शेवटी तिने भिंतीवरून हर्षाचं विरजण नेलं आणि सासूला सांगितलं, चंद्रपूरच्या दुकानातून आणलं.

चंद्रपूरचं म्हटल्याबरोबर ढेपीच्या पाण्याचं दही झालं. रुखमाबाई ते दोन्ही वेळा भातावर घेऊ लागल्या. भजनमंडळाला त्याचं ताक पाजलं. मोठेपणा मिरवण्याची सवय जुनीच, म्हणून गल्लीतल्या चार घरांत विरजणही वाटलं.

हर्षाला हे कळलं भाजीच्या गाडीवर, खुद्द रुखमाबाईंच्या तोंडून.

‘पुनम चंद्रपूरवरून आणते. एकदम साफ काम. नाई तर तुमचं ते, बाई. राग नको मानू, पण दुकानचं ते दुकानचंच.’

पुनम शेजारीच वांगी निवडत होती. एक वांगं तिने तीनदा उलटंसुलटं करून पाहिलं. हर्षाने कोथिंबीर घेतली आणि घरी आली. नवरा मिथुन चुनखडीच्या खाणीत डंपर चालवतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘म्हणजे गल्लीभर आता रामटेकेच जमून राह्यले.’ हर्षा हसली नाही.

म्हणून मंगळवारी भिंतीवर वाटी आली तेव्हा तिने ती घेतली नाही.

‘काऊन, चंद्रपूरची गाडी चुकली काय?’

‘ताई, हळू बोला ना. आई देवाजवळ बसल्या आहेत.’

‘विरजण देतो. मी नाई म्हणत नाई. पण मागायले आईले पाठव. समोरच्या दारानं, वाटी घेऊन. रामटेकेच्या घरचं पाह्यजे म्हणा.’

‘त्या नाई येत, ताई. तुम्हाले मालूम आहे.’

‘मंग कोरडा भात खा म्हणा.’

‘माह्यावर राग काऊन काढून राह्यल्या? मी तर तुमचंच नेलं.’

‘नेलं तू माहं, नाव लावलं दुकानाचं. एवढं चांगलं लागते तर नावानं काय कडू होते?’

पुनमने वाटी परत ओढणीखाली घेतली. तिचा स्वभाव चांगला आहे असं सगळे म्हणतात, म्हणजे ती कोणासमोरही खरं बोलत नाही. त्या दिवशी मात्र दुपारी जेवणावर सासूने दही मागितलं आणि तिला दुसरं खोटं सुचलं नाही; विरजण कोणाचं होतं ते तिने सांगून टाकलं.

रुखमाबाईंनी ताट सरकवलं. दह्याचं भांडं राखेने घासून घेतलं, स्वयंपाकघरात गोमूत्र शिंपडलं. पोटात गेलेल्या दोन महिन्यांच्या दह्याला राख कुठून लावणार, हे त्यांनी सांगितलं नाही. गल्लीतल्या चार घरांनाही त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाटणारीचं नाव आधी निघालं असतं.

बुधवारी त्या भात आणि लोणचं जेवल्या. निम्मा भात ताटात राहिला. हर्षाने दिवसभर समोरचं दार उघडं ठेवलं. सिमेंट कारखान्याची धूळ आत येऊन बसली, दुसरं कोणी आलं नाही.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या घरातली करिष्मा रुखमाबाईंच्या फाटकाशी आली. तिच्या हातात घट्ट दह्याचा वाडगा होता.

‘बाई, पुनम म्हणे तुमचं फसलं. घ्या, तुमचंच विरजण आहे. आमच्या घरी तर आता दुसरं दही कोणी खातच नाई.’

रुखमाबाईंनी रामटेक्यांच्या उघड्या दाराकडे पाहिलं. हर्षा उंबऱ्यातच बसली होती. रुखमाबाई हसल्या, ‘कशाले एवढा त्रास’ म्हणाल्या आणि वाडगा घेऊन आत गेल्या.

गुरुवारी सकाळी गाय नेहमीप्रमाणे फाटकाशी येऊन उभी राहिली. नऊ वाजेपर्यंत तिच्यापुढे काही ठेवलं गेलेलं नाही. हर्षाचं दार उघडंच आहे.