बघू म्हणणारी तार

मित्रांनो, त्या शनिवारी दुपारी मी टेबलावर उताणा पडलो होतो आणि माझ्या पोटाला मीटरच्या दोन काड्या टोचलेल्या होत्या. मीटर नव्वद दाखवत होता. मला बनवणारा माणूस चष्मा कपाळावर ढकलून त्या नव्वदकडे बघत होता, न बोलावता येऊन बसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा. पंखा कुरकुरत होता. शेजारच्या खोलीतून त्याची थोरली बहीण पेल्यावर चमचा वाजवत होती, कारण तिची घंटा म्हणजे मीच, आणि मला तर उघडून ठेवलेलं. दुपार इतकी साधी होती की ती लक्षात ठेवावी असं कुणालाच वाटलं नाही.

मी एक जुना दुभाष्या आहे. तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीवर डाख देऊन बसवलेलं एक छोटं सर्किट. माझ्या एका बाजूला सव्वा व्होल्टवर चालणारी चिप, दुसऱ्या बाजूला तीन व्होल्टची घंटा. चिप हळू बोलते, घंटेला मोठ्याने सांगावं लागतं. चिप ‘हो’ म्हणाली की तेच ‘हो’ मी घंटेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. ‘नाही’ म्हणाली की गप्प बसतो.

मला बनवणाऱ्याने चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ दुरुस्त केले होते. बहिणीने अंथरूण धरलं तेव्हा त्याने तिच्या उशाशी बटण लावलं. तिचा हात थरथरायचा, म्हणून मुद्दाम दाबलंय की हात नुसता लागलाय हे ओळखायला चिप ठेवली. वीज घरात कधी असे, कधी नसे, म्हणून सगळा संसार एका चपट्या सेलवर. पहिल्या आठवड्यात तिने मला दिवसातून वीसदा वाजवलं. कशासाठी हाक मारलीस विचारलं, की म्हणायची, “काही नाही, तुझा नातू रडतो का ते बघत होते.” तेव्हापासून घरात माझं नाव नातूच पडलं.

मित्रांनो, तो कौतुकाचा काळ तेवीस दिवस टिकला. चोविसाव्या दिवशी सकाळी तिने बटण दाबलं आणि मी गप्प राहिलो. सेल संपला होता. ती दाबत राहिली. शेवटी पाण्यासाठी स्वतः उठायला गेली आणि पलंगाजवळ पडली. हाड मोडलं नाही. पण त्या दिवशी तिच्या भावाने मला हातात घेतलं ते एखाद्या गुन्हेगाराला घ्यावं तसं.

गुन्हा माझाच होता. काम नसताना मला झोप लागत नव्हती. माझ्या आत दोन दारं आहेत, एक वरचं सेलकडचं आणि एक खालचं. एक उघडं असेल तेव्हा दुसरं घट्ट बंद हवं. चिपचा हलका आवाज वरच्या दारापर्यंत पोचायचा नाही, ते कायम किलकिलं राहायचं आणि वीज वरून खाली फुकट गळायची. चारशे मायक्रोअँपिअर. त्याने दोन ट्रान्झिस्टर असे जोडले की एक उघडला की तो दुसऱ्याला ओढून बंद करेल. शिवाय बटण दाबलेलं नसताना चिपची वीजच तोडली. चारशेचे नव्वद झाले. आता सेल तीन महिने टिकला असता, पण त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. तो दर रविवारी न चुकता सेल बदलायचा. बहिणीची नजर अधू, तिला ते जमणारं नव्हतं. म्हणून त्याला माझी गळती मुळापासून घालवायची होती. आपल्यानंतर हा सेल कोण बदलणार, असं तो एकदा माझ्याशीच बोलला.

आणि त्या शनिवारी त्याला नव्वदचं कारण सापडलं. चिप बंद असते तेव्हा तिच्याकडून माझ्याकडे येणारी तार लोंबकळत राहते. ती ‘हो’ म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही, आणि माझं खालचं दार धड मिटत नाही. त्याने नुसता हात जवळ नेला तरी मीटरचा आकडा हलला. तो हसला आणि लगेच मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी चिप बनवणाऱ्यांच्या कचेरीत होती. डाख द्यायला ती याच टेबलावर शिकली, बोट भाजून घेतलं आणि रडली नाही, म्हणून तो तिला ठिणगी म्हणायचा.

“ठिणगे, उद्या येतेस? चोर सापडलाय. दोघं मिळून पकडू.”

“बघू, बाबा.”

“ही तारही तेच म्हणतेय बघ. नाही म्हणालीस तरी चालेल गं. शून्य हेसुद्धा उत्तरच असतं.”

पलीकडून ती हसली आणि पुन्हा ‘बघू’च म्हणाली. त्याने वहीत लिहिलं, ‘तार बघू म्हणते’, आणि त्याखाली रेघ मारली.

रविवारी त्याने डाख द्यायची सळई दोनदा तापवली, दोनदा थंड होऊ दिली. चहाचे दोन कप काढले. एका बारक्या रेझिस्टरचे पाय वाकवून तो चिकटपट्टीने माझ्या पाठीवर लावला, तारेवर आणि जमिनीच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, टोकावर लाल ठिपके दिले. पाच मिनिटांचं काम होतं. त्याने ते केलं नाही. संध्याकाळी नवा सेल घालून मला पेटीत बसवलं. सोमवारी सकाळी तो दूध आणायला गेला आणि रस्त्यातच गेला.

त्यानंतरचे दिवस मला धड आठवत नाहीत, कारण मला जाग होती असंही म्हणता येणार नाही आणि झोप होती असंही नाही. घरात माणसं आली, खुर्च्या सरकल्या, माणसं गेली. बटण दाबलं की मी वाजायचो आणि मुलगी यायची. एरवी मी गळत होतो. रविवार आला, सेल बदलायला कुणी आलं नाही. पुढचा रविवारही तसाच गेला.

मग एका दुपारी त्याच्या बहिणीने, म्हणजे मुलीच्या आत्याने, तिला बोलावून घेतलं आणि म्हणाली, “त्या नातवाकडे बघ जरा. तुझा बाप त्याला दर रविवारी खाऊ घालायचा.” मग भिंतीकडे बघत, “शेवटच्या रविवारी दोन कप काढून बसला होता. मी म्हटलं, येणार म्हणाली का? तर म्हणे, बघू म्हणालीय.”

 मुलगी मला घेऊन टेबलाशी आली. तिने काड्या टोचल्या. नव्वद. हात जवळ आणला, आकडा हलला. हात मागे घेतला, पुन्हा हलला. असं तिने कितीतरी वेळ केलं. मग मला उलटं केलं आणि चिकटपट्टी, वाकवलेले पाय, लाल ठिपके बघितले. वही उघडीच होती.

तिने सळई तापवली. मनगट टेबलावर टेकवलं. दोन ठिपके, दोन डाख. तार जमिनीला टेकली. चिप बंद असली तरी आता तार ठामपणे ‘नाही’ म्हणत होती. माझं खालचं दार घट्ट मिटलं. मीटर दोनवर आला आणि थांबला. मित्रांनो, जन्मल्यापासून पहिल्यांदा मला झोप आली.

“झालं?” आतून आत्याने विचारलं.

“झालं. आता वर्षानुवर्षं सेल बदलायला नको.”

“आणि तू? राहणार की जाणार?”

“बघ...” ती म्हणाली आणि तिथेच थांबली. मग उठून दारापर्यंत गेली. “परवा जाईन, आत्या. पण तुला न्यायलाच परत येईन, पुढच्या रविवारी. येणार असशील तर आज सांग, नसशील तरी सांग.”

आत्या म्हणाली, येईन, पण नातवाला सोबत घ्यायचं.

मित्रांनो, उपदेश करण्याएवढा मी मोठा नाही. पण माझ्यासारखं काही तुमच्या घरात भिंतीला, उशाला, कोपऱ्यात असेल तर कधीतरी उघडून बघा. बंद दिसणाऱ्या वस्तूही गळत असतात. आणि कुणी वाट बघत असेल तर त्याला ‘हो’ सांगा किंवा ‘नाही’ सांगा. लोंबकळत ठेवू नका. मधल्या त्या जागेत काय होतं ते मी भोगलंय.

पेटीत ठेवण्याआधी तिने मला क्षणभर हातात धरलं. समोरची खुर्ची रिकामी होती, तिच्या पाठीवर त्याचा कामाचा सदरा तसाच होता. ती त्या सदऱ्याकडे बघून हळू आवाजात, पण नीट ऐकू जाईल असं बोलली.

“बाबा, त्या रविवारी मला काही काम नव्हतं. मला येता आलं असतं. मी आले नाही.”