नव्वदचा जेट

सालेकशात रेल्वे फाटकापाशी भैयालालचं गॅरेज होतं. अर्ध्या जागेत तो गाड्या दुरुस्त करायचा आणि उरलेल्या अर्ध्यात त्याची बायको अंजना शिलाई मशीन चालवायची. गाडी सुरू केली की भैयालाल मान तिरपी करायचा, कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि काम झालं. लोक म्हणायचे, याच्या कानात मीटर आहे.

दोन वर्षांपासून तो नुसतीच मान तिरपी करत होता. मालगाडी गेलेली त्याला डब्यातले नटबोल्ट थरथरले की कळायची. बोलणं तो समोरच्याचे ओठ बघून ओळखायचा. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

२०११ च्या मे महिन्यात शाळेतले संघदीप मास्तर जुनी बुलेट घेऊन आले. महिन्याभरात मित्रांसोबत लेहला निघायचं होतं.

"नागपुरातून खुला सायलेन्सर बसवला, भाऊ. तवापासून गाडी तापून राह्यली."

भैयालालनं स्क्रू फिरवला, टाकीवर हात ठेवून थरथर अजमावली. "जा बिनघोर. मस्त चालून राह्यली."

शिलाई मशीन थांबलं.

"अजी, रेस सोडली का सायलेन्सरमंधी फटफट फुटून राह्यली," अंजना म्हणाली. "तुमाले ऐकू नाही येऊन राह्यलं का?"

"तू आपला ब्लाऊज शिव!"

पण त्याचा हात थांबला. त्यानं प्लग काढला. टोक चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. पेट्रोल कमी पडत होतं, इंजिन जळायच्या वाटेवर होतं. आणि असं इंजिन घेऊन या माणसाला तो डोंगरात पाठवायला निघाला होता. प्लग हातात धरून तो खालीच बसला.

"गुरुजी, मले ऐकू येत नाही. दोन वर्सं झाले. गाडी दुसरीकडं न्यायची तं न्या."

मास्तरांनी स्टूल ओढलं. "प्लग तं दिसला ना तुमाले? आता पुढं काय करायचं, ते सांगा."

भैयालालनं कार्बोरेटर उघडला. खुल्या सायलेन्सरमुळं इंजिन जास्त हवा ओढत होतं, त्या मानानं पेट्रोलही वाढायला हवं होतं. त्यानं पेट्रोल मोजून सोडणारा पितळी जेट काढला, नव्वद नंबरचा, आणि मोठ्या भोकाचा शंभरचा बसवला. दरेकशाच्या चढावर गाडी पळवून आणली. अंजना म्हणाली, फटफट थांबली. प्लगचं टोक भाजल्या चण्यासारखं तांबूस झालं होतं.

"पण वर हवा पातळ," तो मास्तरांना म्हणाला. "तिथं या शंभरचं पेट्रोल जास्त होईन. धूर काळा निघाला का नव्वदचा टाका. तरी नाही चढली तं पंच्याऐंशीचा." दोन्ही जेट त्यानं काड्यापेटीत घालून दिले आणि मास्तरांकडून तीनदा त्यांच्याच हातानं जेट बदलून घेतला.

जूनच्या शेवटी एका दुपारी मास्तरांचा फोन आला. भैयालालनं तो कानाला लावला, हॅलो हॅलो केलं आणि अंजनाच्या हातात दिला.

"नव्वदचा टाकला म्हणतेत. तरी खिंडीच्या खालीच अडली. प्लग काळाभोर."

"पंच्याऐंशीचा टाका म्हणा. आन् सुरू केली का फोन सायलेन्सरपाशी धराले सांग."

अर्ध्या तासानं पुन्हा फोन वाजला. अंजना डोळे मिटून ऐकत राहिली. भैयालाल तिचा चेहरा बघत होता.

"कशी वाजून राह्यली?"

"पह्यले वाईच खोकलली," ती सावकाश म्हणाली. "आता नाही. आता एकसारखी चालून राह्यली. रेस दिली का उचलते."

"सोडल्यावर फुटत तं नाही?"

"नाही जी."

त्यानं खाली टाकलेला पाना उचलला, पण कामाला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जुनं गिऱ्हाईक रामलाल आपली लुना घेऊन आला आणि नेहमीसारखी त्याच्या पुढ्यात सुरू केली. भैयालालनं मान तिरपी केली नाही.

"मले नाही ऐकू येत, रामलाल," तो म्हणाला. "अंजनाले ऐकव."