तीन उन्हाळ्यांचा रस्ता

मी डेन्मार्कमधल्या एका शेतावरचा जुना ट्रॅक्टर आहे. रंग राखाडी, बसायला एकच लोखंडी आसन, आणि वेग असा की उतारावर सायकलवाला पोरगा मला मागे टाकतो आणि वर हातही हलवतो. मित्रांनो, माझ्यासारख्याने फार लांबच्या गोष्टी सांगू नयेत. पण मी खरोखरच लांब जाऊन आलो आहे.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या आताच्या मालकाचे, एस्किलचे, वडील मला रेल्वेच्या वाघिणीवरून उतरवून घ्यायला आले होते. त्या दिवशी त्यांनी दोन्ही घोडे विकले. पुढे मी बीटची शेते नांगरली, गवताच्या गाड्या ओढल्या, दुधाचे कॅन डेअरीवर नेले. एस्किल माझ्यावरच चालवायला शिकला. त्याचे तीरेशी लग्न झाले तेव्हा माझ्या बॉनेटला बर्चच्या फांद्या बांधल्या होत्या. लोक म्हणत, "हा गडी कधी आजारी पडत नाही." मला ते ऐकून बरे वाटे.

मग मोठा, लाल, वरून बंद केबिन असलेला ट्रॅक्टर आला आणि मला शेडच्या कोपऱ्यात ढकलले गेले. तिथे माझ्या आसनावर कोंबड्या बसू लागल्या. कोंबड्या काही वाईट नसतात, पण त्या आसनाची किंमत ठेवत नाहीत.

एस्किलचे एक स्वप्न होते. युरोप जिथे संपतो, त्या नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ केपला, माझ्यावर बसून जायचे. नाताळच्या जेवणानंतर पाहुण्यांना शेड दाखवायला आणले की तो माझ्या चाकावर थाप मारून म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं निघालो!" आणि मग त्या कड्याचे, खालच्या समुद्राचे, न मावळणाऱ्या सूर्याचे वर्णन सुरू व्हायचे. शेजारचा वाल्देमार हसून म्हणायचा, "अरे, नॉर्थ केप राहू दे. आधी ह्याला शेडच्या दारापर्यंत तरी आण!" तीस वर्षे हे असेच चालले होते. मलाही सुरुवातीला आशा वाटे. नंतर मी ऐकणे सोडून दिले.

एका मार्च महिन्यात एस्किल शहरातून परत आला तो घरात न जाता सरळ शेडमध्ये आला. त्याने कोंबडीला हाकलले आणि माझ्या आसनावर बसला.  कॉफीचा कप घेऊन तीरा त्याला शोधत आली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. आहे ती नजर थोडे दिवस टिकवता येईल म्हणाले, गेलेली परत येणार नाही. आजपासून गाडी चालवायची नाही." मग तो हसल्यासारखे करून म्हणाला, "संपला माझा नॉर्थ केप."

तीरेने कप त्याच्या हातात दिला. ती स्वभावाने रोखठोक बाई. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण विचारले ते भलतेच.

"रोज किती अंतर जायचा विचार होता तुझा?"

"म्हणजे?"

"सकाळी निघायचं, संध्याकाळी थांबायचं. मधे किती जायचं?"

"ते... तेव्हा पाहिलं असतं."

"आणि झोपायचं कुठे? गाईंचं दूध कोण काढणार होतं? मधेच हा बंद पडला तर?"

"तीरा, आज तरी नको!"

"आजच. तीस वर्षं ऐकतेय मी. तो कडा कसा आहे, समुद्र कसा आहे, सगळं तोंडपाठ आहे मला. रस्त्याबद्दल मात्र तू कधी एक अक्षर बोलला नाहीस. ते सांग."

एस्किलला राग आला. कॉफी तशीच ठेवून तो निघून गेला. पण संध्याकाळी तीरा शेडमध्ये अंडी गोळा करत असताना तो पुन्हा आला आणि दारातूनच म्हणाला, "शंभर किलोमीटर. त्याच्यापुढे ह्याचं इंजिन तापेल."

"मग एका उन्हाळ्यात होत नाही," तीरा म्हणाली. "वाल्देमार गाई सांभाळून सांभाळून किती दिवस सांभाळेल?"

वाल्देमारला विचारले. तो म्हणाला, "दहा दिवस. अकराव्या दिवशी गाई तुमच्या स्वयंपाकघरात आणून बांधीन."

तेव्हा ठरले, रस्ता तीन उन्हाळ्यांत करायचा. दहा दिवस जायचे, जिथे पोहोचू तिथे एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारात मला ठेवायचे आणि आगगाडीने घरी यायचे. पुढच्या वर्षी तिथूनच पुढे. मित्रांनो, इतकी साधी गोष्ट तीस वर्षांत कोणाला सुचली नव्हती, मलाही नाही.

चालवणार कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तीरा सदुसष्ट वर्षांची होती आणि तिने मला कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी तिने मला घेऊन गूजबेरीचे झुडूप सपाट केले. दुसऱ्या दिवशी वाल्देमारचे कुंपण. तो धावत आला.

"अगं बाई, नॉर्थ केप तिकडे आहे! माझ्या परसात नाही!"

"माहितीये. वळायला शिकतेय," तीरा म्हणाली आणि मागचा गिअर टाकला.

एस्किलने माझे इंजिन उघडले. त्याला दिसायचे ते जणू नळीतून पाहिल्यासारखे, पण बोटांना सगळे ठाऊक होते. चाकावरच्या पत्र्यावर त्याने स्वतःसाठी बैठक ठोकली. मे महिन्यात आम्ही तीरेच्या बहिणीच्या गावापर्यंत जाऊन पाहिले. परत आल्यावर तीरेला दोन दिवस कंबर हलवता आली नाही. ती अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, "शंभर नाही. ऐंशी. आणि आसनावर जाड गादी." एस्किल कुरकुरला, कारण ऐंशीच्या हिशेबाने तीन उन्हाळ्यांत टोक गाठणे कठीण होते. मग त्यांनी नकाशावर मधला एक लांब टप्पा मला बोटीत घालून पार करायचे ठरवले. "बोटीतून? ही तर फसवणूक झाली," एस्किल म्हणाला. तीरा म्हणाली, "तुझ्या स्वप्नात तुझी कंबर दुखत नव्हती. माझी दुखते." 

पहिला उन्हाळा सोपा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात चढ आले. एका घाटात माझा पाण्याचा पंप गेला आणि आम्ही दोन दिवस भर पावसात अडकलो. त्या वर्षी ठरलेल्या गावाच्या बऱ्याच अलीकडे थांबावे लागले. सिग्ने नावाच्या एका विधवा शेतकरणीने मला आपल्या कोठारात जागा दिली. तीरेने तिच्याकडून वचन घेतले की थंडीत बॅटरी काढून घरात ठेवायची. सिग्नेने ते पाळले. परक्या कोठारात, बाहेर छपरापर्यंत बर्फ असताना, मला वाटे की आता ही दोघे येत नाहीत.

आणि खरोखरच ती येणार नव्हती. हे मला पुढे तिसऱ्या उन्हाळ्यात, वाटेतल्या त्यांच्या बोलण्यातून कळले. त्या हिवाळ्यात एस्किलची नजर जवळजवळ गेली होती. उजेड आणि अंधार, एवढेच उरले होते.

"मी येत नाही म्हणत होतो, ते खोटं नव्हतं," तो माझ्या पत्र्यावर बसून इंजिनाच्या आवाजातून ओरडत होता. "मला दिसणारच नाही, तर जाऊन काय करू?"

"मग आलास कशाला?" तीराही ओरडली.

"तू म्हणालीस, ट्रॅक्टर अर्ध्या वाटेत उभा आहे, त्याला काय सांगू! मग काय करणार?"

त्या उन्हाळ्यात ठरलेला लांब टप्पा मी बोटीतून पार केला आणि मागे पडलेले अंतर भरून निघाले. एस्किल आता कानांनी प्रवास करत होता. माझा सूर जरा बदलला की तो हात वर करी. "थांब. ह्याला तेल हवंय." त्याचे कधी चुकले नाही. तीरा त्याला रस्त्यातले सांगत जाई. "डावीकडे रेनडिअर. उजवीकडेही रेनडिअर. आता रस्त्यातच रेनडिअर." मग आम्ही थांबत असू.

टोकाच्या अलीकडे समुद्राखालून जाणारा लांब बोगदा आहे. तो खाली खाली उतरत जातो, मग तितकाच चढतो. तोंडाशी तीरेने मला थांबवले. 

"मला नाही जमणार, एस्किल. वर सगळा समुद्र आहे."

एस्किलने चाचपडत तिचा खांदा धरला. "दुसरा गिअर टाक. ब्रेकवर पाय ठेवून नको, इंजिनलाच धरू दे. आणि माझ्याशी बोलत राहा. अंधाराचं मी बघतो."

ती बोलत राहिली. गाईंची नावे घेतली, बहिणीच्या सुनेची तक्रार सांगितली, वाल्देमारला शिव्या दिल्या. मागे गाड्यांची रांग लागली होती, पण कोणी भोंगा वाजवला नाही. चढावर माझी छाती फुटायची वेळ आली होती. मग समोर राखाडी उजेड दिसला आणि आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टोकाला पोहोचलो. ज्याचे वर्णन मी तीस वर्षे ऐकले होते, तिथे धुके होते. कडा नाही, समुद्र नाही, सूर्य नाही. माझ्याच पुढच्या चाकांपलीकडे काही दिसत नव्हते. दूरच्या देशांतून आलेली माणसे हिरमुसून उपाहारगृहात शिरत होती. तीरेने इंजिन बंद केले.

"सांग ना," एस्किल म्हणाला. "काय दिसतंय?"

 सुंदर वर्णन करणे तीरेला सहज शक्य होते, ते तिला पाठ होते.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं पांढरं. उजेड तेवढा आहे."

 एस्किलचे खांदे हलू लागले. तीरेला वाटले तो रडतो आहे, पण तो हसत होता.

"म्हणजे मला दिसतंय तेवढंच!"

मग तीही हसू लागली. दोघे माझ्यावरच बसून राहिली, राय नावाच्या धान्याची भाकरी आणि लोणच्यातला हेरिंग मासा खात. खालून समुद्राचा आवाज येत होता. त्या दुपारी टोकावरचे सगळे लोक सारखेच होते, आणि त्यांत माझी दोन माणसे सर्वांत आनंदात होती.

"आता परत कसं जायचं?" एस्किलने अचानक विचारले.

"मालवाहू ट्रक ठरवलाय. परवा दक्षिणेला रिकामा जातोय, ह्याला पाठीवर घेईल," तीरा म्हणाली. "आणि आपण विमानाने. माझ्या कमरेला विचारून ठरवलंय."

मित्रांनो, आता मी पुन्हा घरच्या शेडमध्ये आहे. तुमच्या घरीही कोणी तरी वर्षानुवर्षे एकच गोष्ट बोलत असेल. तुम्ही त्याला हसू नका, आणि "वा, वा" म्हणून मोकळेही होऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि निघायचे कसे, ते विचारा. तो चिडला तरी उठू नका. स्वप्न लहान करावे लागले, त्याचे तुकडे करावे लागले, तरी चालेल. मला बोटीत घातले होते, मी काही कमी पडलो नाही. आणि कोपऱ्यात एखादे जुने यंत्र असेल, तर त्याच्या तेलपाण्याकडे आजच पाहा. कोणाच्या मनात कधी निघायचे येईल, हे सांगता येत नाही.