आधी तुमचं

वेनस्टोच्या गाडीतळावरचा फलक खाऱ्या वाऱ्याने इतका पुसट झाला होता, की नगरपरिषदेने नवा करायचं ठरवलं. मजकूर लिहायचं काम माझ्या शनिवारच्या मुलांकडे आलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी वाचनालयात मुलांना जमवते. ‘आमच्या गावात काय पाहाल, काय कराल’ हा विषय. प्रत्येकाने एक जागा निवडायची, स्वतः जाऊन पाहायची आणि मगच लिहायचं, एवढीच माझी अट होती.

जेथ्रोने धक्का निवडला, कारण तिथे दोरीला मांसाचा तुकडा बांधून खेकडे पकडता येतात. निनियनने दीपगृह घेतलं. टॅम्सिनचे केस कायम डोळ्यांवर आणि प्रश्न कायम ओठांवर. तिने उभं राहून वाचलं :

“चर्चची दफनभूमी कड्यावर आहे. समुद्र कडा खातो. खाली वाळूवर उभं राहिलं की मातीतून हाडं बाहेर आलेली दिसतात. तिकीट नाही.”

मुलं खिदळली.

“हे फलकावर लिहायचं, टॅम्सिन?”

“पण मिस, पाहुणे तेच बघायला येतात! चर्च कुठे आहे असं कुणी विचारतच नाही. हाडं कुठे आहेत, असं विचारतात.”

ते खरंच होतं. मागे खिडकीपाशी क्लेमंट रड वर्तमानपत्र वाचत बसले होते. जन्मभर खेकड्यांची होडी चालवलेला माणूस. त्यांची बायको, मुरिएल, त्याच दफनभूमीत कड्याच्या बाजूच्या रांगेत होती. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

“पोरगी बरोबर लिहितेय,” ते म्हणाले. “मुरिएल तिकिटाशिवाय दिसायला लागायच्या आत तिला हलवली, की झालं.”

वसंतापासून चर्च एकेक कबर उचलून गिरणीमागच्या नव्या जागेत नेत होतं. तिथे मुरिएलसाठी जागा आखली होती आणि तिच्या शेजारची क्लेमंटसाठी. दुपारी ते तिथे जाऊन तण उपटायचे. रिकाम्या जमिनीतलं तण. त्यांना दुसरं काही नको होतं. तिच्या शेजारी पडायचं, एवढंच.

ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये सभा होती. गावाचे निर्णय कसे होतात ते मुलांनी पाहावं, म्हणून मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं होतं. चहा झाला, आल्याची बिस्किटं फिरली. मग पाद्री ब्राइस उभे राहिले.

“खोदयंत्र शुक्रवारी येतंय,” ते म्हणाले. “एकच कबर हलवता येईल. त्यानंतर जमीन ओली होणार, कडा यंत्राचं वजन पेलणार नाही. मग थेट वसंतात. ज्यांचं कुणी मागे आहे, अशा आता दोनच उरल्यात. क्लेमंट, तुमची मुरिएल. आणि आयव्ही, तुमचं बाळ.”

आयव्ही टटल यांचं बाळ आठवड्याचं होऊन गेलं, त्याला चाळीस वर्षं झाली होती. ते मुरिएलच्या मागच्याच रांगेत होतं.

क्लेमंटनी त्या दिवशी टाय बांधला होता. ‘हो’ म्हणायलाच ते आले होते. उठले, घसा खाकरला आणि त्यांची नजर आयव्हींवर गेली.

“आधी बाळाचं करा,” ते म्हणाले.

“छे, असं कसं!” आयव्ही म्हणाल्या. “मुरिएल कड्याच्या जवळ आहे. आधी तुमचं.”

“नाही, नाही. आईच्या आधी मी? बरं दिसेल का ते?”

“क्लेमंट, माझं अडलेलं नाही. इतकी वर्षं गेली, आणखी एक हिवाळा.”

“माझं तरी कुठे अडलंय? मला काही घाई नाही.”

पाद्रींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “मग कुणालाच तशी घाई नसेल तर… शेजारच्या गावाला यंत्र हवंच आहे. त्यांना देऊ या का?”

“अगदी जरूर,” दोघंही एकदमच म्हणाले. लोकांनी मान डोलावली. सगळं किती छान पार पडलं, असं वाटून सगळे उठले. ताटलीत एक बिस्किट उरलं होतं. शेवटचं बिस्किट आमच्याकडे कुणी घेत नाही.

परतताना टॅम्सिन माझ्या बाहीला लोंबकळली.

“मिस, त्यांना पाहिजे होतं ना? मग ‘नको’ का म्हणाले?”

“एकदा ‘नको’ म्हणायचं असतं, बाळा. समोरच्याने आग्रह केला की ‘हो’ म्हणायचं.”

“आणि समोरचाही ‘नको’च म्हणत बसला तर?”

मी म्हणाले, “वाऱ्याने कान गारठतील, टोपी घाल.”

नोव्हेंबरात उत्तरेचं वादळ आलं. दोन दिवस घरांच्या काचा थरथरत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निवळलं आणि कळलं, की कड्याकडची रांग सबंध गेली. आयव्हींच्या बाळाचा दगड आता अगदी काठावर उभा होता.

आणि पाहुणे आले. दुपारपर्यंत गाडीतळ भरून गेला. कड्यावरून वाळूत उतरायला एकच लाकडी जिना आहे, त्यावर किनारा रक्षकाने थोडी थोडी माणसं सोडायला सुरुवात केली. जिन्यापासून चहाच्या दुकानापर्यंत रांग लागली. कुणी मोबाइल काढून तयार, कुणी तळलेले बटाटे खात उभा.

मुलांना घेऊन मी तिथे पोचले तेव्हा रांगेच्या शेवटी क्लेमंट उभे होते. तोच टाय.

“क्लेमंट, तुम्ही रांगेत कशाला?” मी म्हटलं. “रक्षकाला सांगा ना.”

“लोक लांबून आलेत हो,” ते म्हणाले. “माझा नंबर येईलच.”

रांग पुढे सरकत होती. पाणीही. टॅम्सिन एकदा त्यांच्याकडे, एकदा समुद्राकडे बघत होती. शेवटी तिने त्यांचा हात धरला आणि ओढलं.

“बाजूला व्हा!” ती ओरडली. “यांना आधी जायचंय! ती यांची बायको आहे!”

रांग दुभंगली. “माफ करा,” “अरेरे, माफ करा हं,” म्हणत माणसं दोन्ही बाजूंना झाली. बटाटे खाणाऱ्याने पुडा पाठीमागे लपवला. क्लेमंट मान खाली घालून, प्रत्येकाला “माफ करा” म्हणत टॅम्सिनमागून गेले.

जिन्याशी पोचले तेव्हा रक्षक साखळी लावत होता. खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. लाटेवर तपकिरी माती तरंगत होती.

“भरती आली, मिस्टर रड,” रक्षक हळूच म्हणाला. “काही मिळालं तर आम्ही गोळा करून ठेवतो. पण कोण कुणाचं, ते नाही सांगता येणार. सगळं एकाच पेटीत जाईल.”

क्लेमंटनी टोपी काढली. पाण्याकडे बघत राहिले. मग मागे वळले, तर आयव्ही टटल उभ्या होत्या, पांढऱ्याफटक.

“क्लेमंट, मी… त्या दिवशी तुम्हाला…”

“आयव्ही, आजच पाद्रींकडे जा,” ते म्हणाले. “यंत्र चालत नसेल तर फावड्यांनी काढा म्हणावं. आणि कुणी काही म्हणालं, तर ‘आधी माझं’ म्हणा. मोठ्याने म्हणा.”

त्या गेल्या. टॅम्सिनने अजून क्लेमंटचा हात सोडला नव्हता.

“उद्या सकाळी ओहोटीला या,” रक्षक म्हणाला. “तुम्हाला सगळ्यांत आधी सोडतो.”

“बरं,” क्लेमंट म्हणाले. “आता काही घाई नाही.”