अळणी श्रावणातली मिठाची बरणी

मित्रांनो, उदगीरच्या एका स्वयंपाकघरातली मी जुनी मिठाची बरणी. अंग चिनी मातीचं, काठाला एक टवका. महादेवी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून माझ्याशिवाय इथलं पान हलत नसे. त्याचा मला तोराही होता.

मग महादेवी आजारी पडली. कधी झोपच नाही, नुसती बडबड. कधी अंथरुणातून उठवेना. शेजारणी येईनाशा झाल्या. मग स्वयंपाक करता करता ती माझ्याशीच बोले.

"लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी लिथियमची गोळी दिली बघ. मेंदूतल्या पेशींना जपणारी प्रथिनं असत्यात, ती या गोळीनं वाढत्यात म्हणं. पर हळूहळू. धीर धर म्हणल्या."

तिने धीर धरला. वर्षभरात ती गुणगुणत भाकरी थापू लागली. मला मनापासून बरं वाटलं.

श्रावण आला. तिचा नवरा मडिवाळप्पा देवभोळा आणि बायकोवर जीव टाकणारा. तिचं दुखणं कायमचं जावं म्हणून दोघांनी महिनाभर अळणी खायचं, असा नवस तो बोलून आला.

"मीठ तोडू नका म्हणल्या होत्या बाई," महादेवी हळूच म्हणाली.

"तू नको डोकं शिणवू," तो मायेनंच म्हणाला आणि त्याने मला फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

तिथे अंधारात मी एकटी. खाली सारखं काहीतरी पडायचं. आधी पळी, मग तांब्या. "हात थरथरायलेत हो," ती म्हणायची. पुढे तिची जीभ अडखळू लागली, उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी ती उंबऱ्यातच कोसळली. लोक धावले, गाडी आली आणि घराला कुलूप लागलं. ती परत येईल का, हे मला सांगायला कुणी नव्हतं. तेव्हा मी फार रडवेली झाले.

बऱ्याच दिवसांनी कुलूप उघडलं. मडिवाळप्पाने मला खाली काढून पुसलं. महादेवी भिंतीला टेकून बसली होती.

"मीठ तुटलं की मूत्रपिंड ती गोळी अंगातच धरून ठेवतंय म्हणं. औषधाचंच इख झालं," तो म्हणाला. "तू बोलली तवा ऐकाय पायजे होतं मी."

"आन नवस?"

"देवाला मी सांगतो. बाई सांगतील तशी गोळी घ्यायची आन मीठ रोजच्यासारखं."

त्याने वरणात मीठ घातलं. तिचा हात अजून कापत होता, म्हणून पहिला घास त्यानेच भरवला.

मित्रांनो, घरात कुणी अशी गोळी घेत असेल, तर त्याचं खाणंपिणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. आणि आजारी माणूस हळू आवाजात काही सांगत असेल, तर हातातलं काम ठेवून ऐका. मी सगळं ऐकलं होतं, पण मला बोलता येत नाही.