खिशातल्या बांगड्या

"मावशी, डावा हात दाखवा."

दर्शना सिस्टरने पुन्हा सांगितलं आणि कमळाबाईंनी हात चादरीत आणखी आत ओढला.

"काय दाखवायचाय? बरा हाय. दुखत नाय, खुपत नाय."

बरा हात कुणी असा लपवत नाही, हे दर्शनाला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. कोपरीच्या या छोट्या रुग्णालयात कमळाबाई न्यूमोनिया घेऊन आल्या होत्या. शिरेतून औषधं सुरू झाली, ताप उतरला, काल त्यांनी बोंबलाच्या कालवणाची आठवण काढली. म्हणजे बाई सुधारली, असं सगळ्यांनी धरून टाकलं. आणि आज दुपारी एकाएकी हुडहुडी भरली. पलंग खडखडायला लागला. त्यांचा नवरा काळुराम पायथ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता, जसा काही पलंगच पळून जाणार होता.

शेवटी त्यानेच चादर बाजूला केली.

मनगट सुजून लाल झालं होतं. हिरव्या काचेच्या बांगड्या खाली सरकून सलाईनच्या सुईवर येऊन बसल्या होत्या. त्यांच्या घासण्याने चिकटपट्टीची कड सुटली होती आणि सुई शिरते तिथे पिवळसर ओल दिसत होती.

"सकाळी बघायला आले तर झोप येतेय म्हणालात ना मावशी," दर्शना म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता, आणि ते जास्त वाईट. "ही सुई आत्ता काढायची. दुसऱ्या हाताला नवीन लावू. आणि या बांगड्या फोडाव्या लागतील."

शेजारच्या पलंगांवरच्या बायकांनी माना वळवल्या.

"तोंड आवर गो पोरी," कमळाबाई म्हणाल्या. "नवरा समोर बसलाय माजा."

"वाढवाव्या लागतील," काळुराम हळूच म्हणाला.

आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती वाढते. फोडतात त्या वेगळ्या वेळी, आणि त्या वेळी नवरा बघायला समोर बसलेला नसतो. दर्शना आंबिवलीची, तिच्या आईनेही तिला हेच शिकवलं होतं. पण घाईत शिकवण कुठली सुचते.

"चुकलं मावशी. वाढवायच्या."

"फोडा नाय तं वाढवा, मी हात देनार नाय. सगुनाच्या काढल्या तवा काय झालं? अमावस उलटली नाय, गोमाजी गेला."

सगुणा त्यांची दिवा गावातली शेजारीण. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा बांगड्या उतरवल्या होत्या. तिच्या नवऱ्याच्या, गोमाजीच्या लिव्हरची दारूने केव्हाच चाळण झाली होती, हे दिव्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोल लागला तो बांगड्यांना. कमळाबाईंनी ते मनात गाठ मारून ठेवलं होतं. हात दुखतो म्हटलं की सुई बदलणार, सुई बदलायची म्हणजे बांगड्या जाणार, म्हणून बाईने कालपासून दात आवळून कळा सोसल्या होत्या.

काळुरामने दर्शनाला दाराशी गाठलं.

"सिस्टर, निस्ता हातच सुजलाय ना?"

"हातापुरतं असतं तर एवढी थंडी वाजली नसती काका. सुई नुसती टोचायला असते, आत राहते ती बारीक नळी. तिच्या कडेने जंतू शिरले की थेट रक्तात. मग ते कुठेपण जातात."

काळुराम आयुष्यभर पालिकेचा चावीवाला होता. दिव्यात पाणी सोडायचं, दिव्यात पाणी बंद करायचं आणि दोन्ही वेळा शिव्या खायच्या, ही त्याची नोकरी. एका वर्षी गटाराशेजारच्या पाइपाचा सांधा ढिला झाला होता. पाणी दिसायला चांगलं स्वच्छ होतं. पण आळीच्या आळी काविळीने झोपली. त्याला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

तो पलंगाशी परतला.

"हात दे गो."

"नाय."

"तू गेलीस तं मी कोनाच्या बांगड्यांवर जगनार?"

कमळाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मीच वाढवतो. मी जित्ता हाय नि माज्या हातानी वाढवतो. मंग कशाला भ्यायचं?"

कमळाबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

दर्शनाने त्याला बेसिनवर पिटाळलं. पूजेला बसायचं असल्यासारखे त्याने कोपरापर्यंत हात धुतले. तिने जखम झाकली, एकेक बांगडी कापडाच्या घडीत धरून दिली आणि त्याने ती चिमटीत दाबली. टक्. खोटं कशाला बोला, त्यालाही भीती वाटली. प्रत्येक टक् त्याच्या छातीत वाजत होतं. गोमाजी डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला होता. कपाळावर घाम फुटला. कमळाबाई हाताकडे बघतच नव्हत्या, त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"दम लागतो का?"

"नाय."

"खरं बोला, हितेशचे बापूस."

"नाय गो. उकडतंय."

नळी निघाली. उजव्या हाताच्या बांगड्या साबणाच्या पाण्याने अख्ख्या उतरल्या, त्या काळुरामने सदऱ्याच्या खिशात टाकल्या. दर्शनाने पुन्हा स्वतःचे हात चोळून स्वच्छ केले, उजव्या हाताला कोपराखाली नवी नळी लावली, वरून आरपार दिसणारी पट्टी चिकटवली.

"यावर आता काही नको. बांगडी नको, चादरपण नको. लाल दिसलं, दुखलं, तर माझ्या नावाने बोंब मारा. मला राग नाही येणार."

रक्त तपासायला गेलं. डॉक्टर येऊन औषध बदलून गेले. "उद्यापर्यंत बघू," एवढंच म्हणाले. काळुरामला पुढे विचारायचं होतं, पण धीर झाला नाही.

संध्याकाळी भेटायला आलेल्या माणसांचे डबे वाजले, मग वॉर्ड शांत झाला. कमळाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. दोन्ही हात भुंडे, चादरीवर. मधेच त्यांनी डोळे न उघडता हाक मारली.

"हितेशचे बापूस?"

काळुरामने खिसा हलवला. बांगड्या किणकिणल्या.

"हाय गो."

जरा वेळाने पुन्हा हाक. पुन्हा त्याने खिसा हलवला. बोलायचंही कारण उरलं नाही. असं कितीतरी वेळ चाललं, आणि मग हाक आलीच नाही.

त्याने वाट बघितली. चादर वरखाली होतेय का ते दिव्याच्या उजेडात नीट कळेना. हात लावायची त्याची हिंमत होईना. त्याने आपणहून खिसा हलवला. काही नाही. खिसा मुठीत धरून त्याने जोरात हलवला.

"आयकलं," कमळाबाई म्हणाल्या. "झोपा आता."